आईच्या जागी खुर्ची

प्रिय ताई,

पत्र लिहायचं मी टाळत होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. कारणं भरपूर होती. पेन होतं तर कागद नव्हता, कागद मिळाला तर टेकायला जागा नव्हती, जागा मिळाली तर व्हॅनचं चाक बसलं. शेवटी शेवटी तर मी आमच्या लाउडस्पीकरचा खोका ओल्या फडक्यानं पुसून काढला, केवळ लिहायला बसावं लागू नये म्हणून. आमचा ड्रायव्हर म्हणाला, काय रे, लग्नबिग्न ठरलं की काय तुझं? आज त्याच खोक्यावर बसून लिहितोय. एका शाळेचा वर्ग आहे. इथले बाक इतके लहान की गुडघे हनुवटीला लागतात. फळ्यावर कुणीतरी भागाकार अर्ध्यात सोडून गेलंय. मला तो पुरा करता येत नाहीये, हे तुला वेगळं सांगायला नको.

फोन का नाही केला, असं तू म्हणशील. फोनवर माणसाला लगेच काहीतरी बोलावं लागतं. पत्राचं तसं नसतं. ते घडी घालून खणात टाकता येतं, महिनाभर तसंच ठेवता येतं, फाडताही येतं, आणि लिहिणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून आधीच सांगतो, या पत्रात पुढे आपलं घर येणार आहे. आई येणार आहे आणि तळमजल्यावरचं घड्याळाचं दुकान येणार आहे. नको वाटलं तर इथंच घडी घाल. मी रुसणार नाही. दुसरं पत्र पाठवीन, त्यात फक्त मी कुठल्या कुठल्या नोकऱ्या सोडल्या ते असेल, आणि ते तर पाहिजे तेवढं लांबवता येईल.

तर नोकऱ्यांपासूनच सुरू करतो, म्हणजे तुला ठरवायला वेळ मिळेल. बेकरी सुटली, कारण मैद्याच्या पोत्यांवर झोप फार छान लागते. मग मी पूल रंगवत होतो. ते काम मला फार आवडलं होतं ताई, खाली पाणी, वर ऊन, कुणी शाळा कितवीपर्यंत झाली ते विचारत नाही. पण पूल संपला. पूल संपतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग नदी ओलांडणाऱ्या बोटीवर दोर फेकायचं काम. तिथं मला आमचा हा ड्रायव्हर भेटला. तो आधी त्या बोटीचा चालक होता, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणतात, आणि व्हॅनसुद्धा तो बोटीसारखीच हाकतो, म्हणजे वळण आलं की आधी लांबून विचार करतो. तो म्हणाला, सामान उचलायला माणूस हवाय, येतोस? मी विचारलं, कसलं सामान? तर म्हणे एक स्पीकर, एक ड्रम आणि एक खुर्ची. मला वाटलं बँड आहे. मी पिशवी उचलली आणि गेलो. तूच नाव ठेवलं होतंस ना मला भिंगऱ्या.

बँड नव्हता. व्हॅनमध्ये दोन बायका होत्या. एक बाई, म्हणजे आमच्या मुख्य. पूर्वी बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या आणि अजूनही कुणाशी बोलताना आधी त्याच्या मनगटाकडे बघतात, नाडी धरावी तसं. दुसरी एक तरुण मुलगी, तिला आम्ही लिंबू म्हणतो. तिचं तोंड सकाळी तसंच असतं. हे तिघं गावोगाव, कारखान्यात, शाळेत, बसडेपोत जायचे आणि लोकांशी ज्या गोष्टीबद्दल बोलायचे, ती गोष्ट ऐकून मी पहिल्या दिवशी व्हॅनच्या मागे जाऊन उगाच चाकांची हवा तपासत बसलो. बायकांवर, पोरींवर, लहान मुलांवर जबरदस्ती होते, त्याबद्दल. झाल्यावर नाही, होण्याआधी. बाई म्हणतात, झाल्यावर सगळेच धावतात, पोलीस, डॉक्टर, पेपरवाले. आपण आधी पोचायचं. मी म्हटलं, पण आधी कुणाला माहीत असतं? त्या म्हणाल्या, बऱ्याचदा कुणाला ना कुणाला थोडंसं माहीत असतं. त्या थोडंसंवाल्यांसाठी आपण आहोत.

आमचं काम असं चालतं. एक छोटंसं नाटक करतो, त्याला शेवट नसतो. एक मुलगी आहे, ओळखीच्या काकाच्या दुकानात तिचं जाणंयेणं आहे. काका कसा चांगला, सगळ्यांचा लाडका. एक दिवस ती घरी येऊन म्हणते, मला त्या दुकानात जायचं नाही. तिथं बाई टाळी वाजवतात आणि नाटक थांबतं. मग त्या बघणाऱ्यांना विचारतात, यातल्या कुणाच्या जागी येऊन तुम्ही काही वेगळं कराल? शेजारणीच्या जागी या, समोरच्या पानपट्टीवाल्याच्या जागी या, भावाच्या जागी या. एकच नियम. मुलीची जागा कुणी घ्यायची नाही. कारण सगळ्यांना तेवढंच करायचं असतं. जिथं जावं तिथं कुणीतरी उठून म्हणतं, तिनं ओरडायला पाहिजे होतं, तिनं थोबाडीत द्यायला पाहिजे होती, तिनं कराटे शिकावं. बसडेपोतला एक कंडक्टर तर कराटेची लाथ दाखवायला गेला आणि त्याच्या पॅंटची शिवण गेली. बाई शांतपणे म्हणाल्या, छान, आता बसा, आणि सांगा, तुम्ही त्या वेळी तिथं असतात तर तुम्ही काय केलं असतंत? तो शिवण हातानं झाकत खाली बसला. मग म्हणाला, मी आत जाऊन उगाच सुटे पैसे मागितले असते. तेव्हा बाईंनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. अगदी खऱ्या मनानं. त्या म्हणाल्या, हेच. शूर व्हायची गरज नाही. नको त्या वेळी आत शिरून सुटे मागायची गरज आहे.

आम्ही चारच जण. बाई प्रश्न विचारतात, कप्तान ड्रम वाजवतो आणि पानपट्टीवाला होतो, लिंबू मुलगी होते. आईचं काम करायला माणूस उरत नाही. म्हणून आईच्या जागी खुर्ची ठेवतात, तिच्या पाठीला एप्रन अडकवून. लिंबू त्या खुर्चीला सांगते, मला तिथं जायचं नाही, आणि खुर्ची काही बोलत नाही. पहिल्यांदा लोक हसतात. मग हसणं आपोआप थांबतं. खरं तर ती युक्ती नव्हतीच, माणसं कमी पडली एवढंच, पण नंतर बाईंनी ती तशीच ठेवली.

आणि काका कोण? मी यायच्या आधी एक जण होता, त्याला टाइल्सच्या कारखान्यात कायमची नोकरी लागली. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, तू कर. मी एकदम डोळे वटारून, मिशीवर ताव मारून वगैरे करून दाखवलं. तर लिंबू फिदीफिदी हसली. बाई म्हणाल्या, हा असा माणूस आला तर पोरं स्वतःच पळतील. असा नसतो तो. तुझ्या ओळखीतला, तुला सगळ्यात जास्त आवडणारा मोठा माणूस आठव. ज्याला तू बोलावून चहा पाजशील असा. त्याच्यासारखं चाल, त्याच्यासारखं बोल. मगच लोक नीट बघतील.

ताई, इथं तुला कळलं असेल. मला तेव्हा कळलं नव्हतं.

मला आवडणारी मोठी माणसं अशी कितीशी होती? बाबा दिवसभर लोकांच्या मोऱ्यांखाली पालथे, घरी आले की पान्यासारखेच गप्प. मला आठवला तो घड्याळवाला काका. आई त्याला दुपारचा जेवणाचा डबा पाठवायची, तो तू न्यायचं बंद केलंस तेव्हापासून मी नेत होतो ना. मी पोचलो की तो डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवायचा, घड्याळावर हळूच फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "आता बघ हं, ह्याला झोप लागलीय, उठवू या." आणि ते टिकटिक करायला लागायचं. मला एवढंच माहीत होतं. माझ्याशी तो कधी वावगं वागला नाही. मी एवढासा होतो, मला तो जादूगार वाटायचा. तर मी नाटकात घड्याळाऐवजी रेडिओचं दुकान केलं, आणि बाकी सगळं जसंच्या तसं उचललं. चष्मा कपाळावर सरकवायचा, रेडिओवर फुंकर मारायची, आणि ते वाक्य. लोक लगेच पाघळायचे. बाई म्हणाल्या, हे जमलं तुला. मला आयुष्यात इतक्या मनापासून कुणी काही म्हटलं नव्हतं. मी बरेच महिने तो माणूस करत फिरलो, गावोगाव, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग आमचा दौरा आपल्या शहरात आला. तिथल्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरातून बोलावणं होतं, आईच्या धुलाईघरातून. मी आईला कळवलंच नाही. तिला एवढंच माहीत होतं की मी कुठल्यातरी नाटकवाल्यांबरोबर फिरतोय आणि बहुतेक उपाशी असतोय. मला वाटलं, एकदम समोर जाऊन उभा राहीन. एकदा तरी तिला म्हणता येईल की माझ्या पोराला काहीतरी येतं. तू हसशील, पण मी त्या दिवशी शर्टाला इस्त्रीसुद्धा केली होती.

धुलाईघर तुला आठवतं का? तेच आहे. वाफेचे प्रेस, ओलसर गरम हवा, दोघी दोघी बायका चादरीची टोकं धरून एकमेकींकडे चालत येतात, हाताला हात लागला की चादर दुमडते. जेवणाच्या सुट्टीत प्रेस बंद केले होते. बायका उलट्या केलेल्या गाड्यांवर, कपड्यांच्या गाठोड्यांवर बसल्या होत्या. मुकादमीणबाई पुढे. आई मागच्या भिंतीशी, हात पुसत. मला बघून तिनं तोंडावर हात ठेवला आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. शेजारीण मोठ्यानं म्हणाली, "अगं, तुझा तो भटक्या ना हा? अंगानं भरलाय की." सगळ्या हसल्या. मला इतकं छान वाटलं.

मग नाटक सुरू झालं. मी चष्मा कपाळावर सरकवला, फुंकर मारली, म्हणालो, आता बघ हं, ह्याला झोप लागलीय. आईकडे चोरून बघितलं, ओळखते का म्हणून. मला वाटत होतं ती हसेल. ती हसत नव्हती. मला वाटलं, लाजली असेल.

लिंबू घरी आली, खुर्चीला म्हणाली, मला त्या दुकानात जायचं नाही. बाईंनी टाळी वाजवली, नियम सांगितला. बायका एकमेकींना पुढे ढकलायला लागल्या, तू जा, तू जा, तुझंच तोंड मोठं आहे. आणि आई उठली. कुणी ढकललं नव्हतं. ती सगळ्यांच्या मधून चालत आली, माझ्याकडे न बघता, खुर्चीवरचा एप्रन काढला, मांडीवर घेतला आणि बसली. अशा वेळी लिंबूनं आपलं वाक्य पुन्हा म्हणायचं असतं. तिनं म्हटलं. आई तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "डबा गार होईल, जा."

आमच्या नाटकात डबा नाहीये ताई. लिंबू गोंधळली. तिनं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली, चालू दे. आई म्हणाली, "नाही. परत म्हण. एकदा परत म्हण ते." लिंबूनं परत म्हटलं. आईनं एप्रनची गुंडाळी केली, सोडली, परत केली. मग म्हणाली, "ताई, डबा राहू दे. तू बस इथं." तिनं ताई म्हटलं. माझ्यामुळे ती तुला कायम ताईच म्हणायची ना. आणि मी तिथं मधोमध उभा, कपाळावर चष्मा, तोच माणूस होऊन. तो चष्मा खाली घ्यायचंही मला सुचलं नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुकादमीणबाई उठली आणि सुट्टी संपलेली नसताना तिनं मोठा प्रेस चालू केला. इतका आवाज होतो त्याचा की शेजारचं रडणंही ऐकू येत नाही. तेवढ्यासाठीच केला तिनं. बायका एकेक करून उठल्या आणि चादरी दुमडायला लागल्या, आईकडे पाठ करून. त्यांनी बाहेर काही नेलं नाही, हे मला नंतर कळलं. तरी ज्या गोष्टीबद्दल तू आईखेरीज कुणाला एक अक्षर बोलली नाहीस, ती माझ्या नकलेमुळे भरल्या खोलीत निघाली. त्याचं मला किती वाईट वाटतं ते मला नीट लिहिता येत नाहीये. हा कागद दोनदा बदललाय.

नंतर चादरींच्या कोठीत आईनं मला विचारलं, "तिनं तुला कधी सांगितलं?" मी म्हटलं, काय? तिला वाटलं होतं, तू मला सगळं सांगितलंस आणि मी मुद्दाम तिच्यापुढे ते करून दाखवायला आलोय. मला माहीत नाही हे तिला कळलं, आणि खुर्चीत बसून ती जे बोलली होती त्याचा अर्थ मला तिथंच, उभ्या उभ्या कळला. आम्ही दोघं कपाटांच्या मधल्या जागेत उभे होतो. मग ती बोलली. म्हणाली, तू एकदाच सांगितलं होतंस, एकाच वाक्यात, आणि ती म्हणाली होती की तो तुझ्या बापासारखा आहे, नको ते मनात आणू नकोस. मग तू रोज जात राहिलीस. मग तू जिन्यावर डबा टाकलास, सगळं कालवण पायऱ्यांवर, आणि तिनं तुला मारलं. मला ते आठवतं. मला आठवतं ते जिन्याला किती दिवस तेलकट वास येत होता ते, आणि पुढे घरात सगळे म्हणायचे की ताई घुमी झाली, ताईला शिंगं फुटली, ते. आई म्हणाली, "डबा पडला त्या दिवशी मला कळलं होतं. आणि कळलं नाही असं मी ठरवलं." दुसऱ्या दिवसापासून तिनं मला पाठवलं. मुलगा आहे, त्याला काय होतंय, असा तिचा हिशेब. तो माणूस बाबांचा दोस्त, खोलीचं भाडं त्याच्या ओळखीनं कमी झालेलं, आणि लोक काय म्हणतील. एवढ्याशा गोष्टी ताई. मी त्या मनात मांडून बघतो, कशावर तरी वजन सापडेल म्हणून. सापडत नाही.

तू घर सोडून गेलीस तेव्हा मी फाटकापर्यंत आलो होतो आणि तू मला तुझी पट्टी आणि कंपास दिलास, मी पुढे शिकेन म्हणून. मी तो कंपास कुठल्याशा बोटीवर हरवला. दरवर्षी तू येत नाहीस म्हणून आम्ही तुला नावं ठेवायचो. मोठी दातांची कारागीर झाली, लोकांच्या कवळ्या करते, आता आपण कशाला आवडू तिला. हे मीही म्हणालोय, हसत हसत. आपल्या घरात कुणीही, एकदाही, ती का येत नाही असं नुसतं विचारलं नाही. गावोगाव फिरून मी परक्या लोकांना सांगत होतो की विचारा.

बाईंनी मला संध्याकाळी विचारलं, तो काका तू कुणावरून घेतला होतास? मी म्हटलं, एका चांगल्या माणसावरून. त्या म्हणाल्या, चूक माझी आहे, आवडता माणूस घे म्हणाले आणि तो कोण हे विचारलं नाही. आता तो माणूस मी करत नाही. कप्तान करतो, आणि त्यानं बोटीवरच्या एका काल्पनिक तिकीटमास्तराचं सोंग घेतलंय, कुणाशीही न जुळणारं. मी सामान उचलतो आणि नाटकानंतर पुरुषांशी बोलायला बसतो. ते मला बरं जमतं. मी फार शिकलेला दिसत नाही, म्हणून ते बोलतात.

आईला त्याच दिवशी दुकानावर जायचं होतं. लोखंडी इस्त्री घेऊन जाते म्हणाली, आणि तिथून पोलीसचौकीत, आणि मग सगळ्या गल्लीला ओरडून सांगते. मीही निघालो होतो तिच्याबरोबर. बाई कोठीच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आत्ता तुम्ही दोघं मिळून तिचीच जागा घेताय." आई खाली बसली. बाई म्हणाल्या, गल्लीतल्या बाकीच्या मुलांसाठी जे करायचं ते थांबत नाही, आणि त्याला तुझं नाव लागत नाही. ते त्यांनी सुरू केलंय. शाळेशी बोलल्या, आपल्या वाड्यातल्या आया-बापांना जमवलं, आणि मुलांचं काम बघणाऱ्या सरकारी लोकांच्या कानावर घातलं की या दुकानाचं शटर दुपारी अर्धं असतं आणि पोरंटोरं आत जातात. तुझ्याबद्दल एक शब्द नाही. पण तुझं जे आहे, ते तुझ्याशिवाय कुणी हलवायचं नाही.

घरी मात्र आईनं बाबांना सांगितलं. मी तिथं होतो. बाबा नळाचा वायसर बदलत होते. म्हणाले, मग इतकी वर्षं का नाही बोलली? आई म्हणाली, बोलली होती, माझ्याशी. त्यांनी तो वायसर बसवला, नळ उघडून बघितला, बंद केला, आणि चपला घालून खाली दुकानात गेले, पत्ते खेळायला जातात तसे. तिथं काय झालं कुणाला माहीत नाही. परत आल्यावर ते एक शब्द बोलले नाहीत, आणि तेव्हापासून बोलत नाहीत. आईनं आपले कपडे पिशवीत भरले आणि ती धुलाईघरातल्या त्या ढोसलेल्या शेजारणीकडे राहायला गेली. मी बाबांची आशा सोडलीय. तूही त्यांच्याकडून काही धरून बसू नयेस म्हणून हे लिहितोय.

आता खरं कारण. तुला घरी बोलवायला हे पत्र नाही. आईला माफ कर म्हणायलाही नाही. तिनं तसं सांगू नकोस म्हणून मला बजावलंय. कोठीत बाईंनी आईला एक गोष्ट शिकवली, ती तुला लिहायला मला इतके दिवस लागले. असं कुणी सांगितलं की आधी म्हणायचं, तू खरं बोलतेयस. मग म्हणायचं, तुझी चूक नव्हती. आणि मग विचारायचं, तुला काय हवंय, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. तर ताई, तू तेव्हा खरं बोलली होतीस. तुझी चूक नव्हती, डबा टाकलास तीसुद्धा नव्हती. आणि तुला काय हवंय? तक्रार करायची असेल तर बाई वकील बघून देतील आणि मी व्हॅननं तुझ्याकडे येईन. आईचा आवाज ऐकायचा असेल, नसेल, मला चार शिव्या द्यायच्या असतील, तेही चालेल. काही नको असेल तर तेही उत्तरच आहे, आणि ते न पाठवता नुसतं मनात ठेवलंस तरी चालेल. इतकं विचारायला हे सगळं पाल्हाळ. तेव्हा विचारायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून आता विचारतोय, फार उशिरा.

इथं सही करणार होतो, पण थांब. आज या वर्गात फक्त आयांसाठी कार्यक्रम आहे. त्या यायला लागल्यात, बाकांवर कशाबशा बसतायत. आणि दारात बाबा उभे आहेत. कामावरचेच कपडे, हातात हत्यारांची पिशवी. व्हॅन कुठं थांबलीय ते त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. मी स्पीकरच्या मागे आहे, त्यांना अजून दिसलेलो नाही. ते बाईंना विचारतायत, इथं बापांना बसता येतं का.

तुझाच,
भिंगऱ्या